ब्रिटिश विद्यापीठाची परदेशी विद्यार्थी सेवा : अमेरिकन मुलं जिथे अडखळतात, तिथे खान्देशच्या मुलांनी आधी बघावं

फैजपूर, चोपडा, शिरपूर, शहादा इथल्या घरांतून मुलाला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनला पाठवायचं ठरलं की चौकशी तीन गोष्टींची होते. फी किती, व्हिसा मिळतो का आणि नंतर नोकरी लागते का. वीस-पंचवीस लाख मोजल्यावर विद्यापीठ नेमकं काय देतं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. कापसाचं बियाणं घेताना आपण पिशवी उलटून लॉट नंबर बघतो. इतकी मोठी खरेदी करतानाही तेवढं बघायलाच हवं.

हे परीक्षण त्या सेवेचं आहे : ऑफर लेटरपासून शेवटच्या गुणपत्रकापर्यंत विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यासाठी काय करतं, कुठे चांगलं करतं आणि कुठे हात वर करतं. त्यासाठी अमेरिकन विद्यार्थ्यांचा अनुभव शेजारी ठेवून बघणं फार उपयोगी पडतं. त्यांना इंग्रजी शिकावं लागत नाही, त्यांच्या देशाबद्दल व्हिसा अधिकाऱ्याला संशय नसतो, हॉलिवूडमुळे त्यांचे उच्चार तिथे सगळ्यांच्या ओळखीचे असतात. तरीही पहिल्या सत्रात ते काही ठरावीक ठिकाणी हमखास अडखळतात. त्या जागांचा इंग्रजीशी काही संबंध नसतो, तिथल्या शिकवण्याच्या आणि राहण्याच्या पद्धतीशी असतो. आपली मुलं तिथे अडखळली की घरचे म्हणतात, ‘इंग्रजी कच्चं पडलं.’ बहुतेक वेळा हे निदान चुकीचं असतं.

फीपासून सुरुवात करू. कागदावर अमेरिकन आणि भारतीय विद्यार्थी एकाच रांगेत आहेत. दोघांनाही ‘ओव्हरसीज’ दर लागतो. इंग्लंडमधल्या स्थानिक मुलांना पदवीसाठी 2025-26 मध्ये वर्षाला जास्तीत जास्त 9,535 पाउंड फी आहे. परदेशी मुलांच्या फीला अशी मर्यादा नाही, त्यामुळे विषय आणि विद्यापीठ बघून ती दुप्पट-तिप्पट असते. म्हणजे दोघेही पूर्ण दर मोजणारे ग्राहक. दारात मात्र वागणूक वेगळी मिळते, आणि हे विद्यापीठाच्या हातात नाही, ब्रिटिश गृहखात्याच्या नियमांत आहे.

अमेरिकन पासपोर्ट कमी जोखमीच्या देशांच्या यादीत आहे, म्हणून व्हिसाच्या अर्जासोबत बँकेचे कागद सहसा जोडावे लागत नाहीत. भारत त्या यादीत नाही. अमेरिकन मुलाला टीबीची तपासणी नाही. आपल्याला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातूनच प्रमाणपत्र आणावं लागतं. जळगाव-धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांचा एक्स-रे कितीही चांगला असला तरी चालत नाही. एक्स-रेत काही शंका आली तर थुंकीची तपासणी सांगतात आणि त्या कल्चरच्या अहवालाला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. म्हणून सप्टेंबरच्या प्रवेशासाठी मे-जूनमध्येच तपासणी उरकावी, ऑगस्टपर्यंत ठेवू नये. काही इंजिनिअरिंग आणि विज्ञान विषयांना एटास नावाची सुरक्षा मंजुरी लागते. ती फुकट आहे, पण आठवडेच्या आठवडे घेते. अमेरिकन नागरिकांना त्यातूनही सूट आहे.

खान्देशात सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते पैशांच्या पुराव्यावर, म्हणून इथे जरा थांबू. उरलेल्या फीची रक्कम आणि राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दिसावा लागतो. राहण्याचा खर्च नोव्हेंबर 2025 पासून लंडनमध्ये महिन्याला 1,529 पाउंड आणि लंडनबाहेर 1,171 पाउंड असा धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेरसाठी 10,539 पाउंड. या 28 दिवसांत शिल्लक एक दिवस जरी खाली गेली, तरी मोजणी नव्याने सुरू करावी लागते. शेवटची नोंद अर्जाच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आतली हवी.

आता अडचण अशी की आपल्याकडे पैसा असतो, पण तो असतो केळीच्या बागेत, जिनिंगच्या व्यवहारात, सोन्यात, नाहीतर पतसंस्थेच्या ठेवीत. सातबारा, सोन्याची पावती किंवा व्हॅल्युएशन रिपोर्ट यांना इथे किंमत नाही. पतसंस्थेची ठेव पावतीही चालत नाही. वित्तसंस्था त्या देशाच्या नियामकाच्या देखरेखीखाली हवी, तिच्या नोंदी संगणकावर हव्यात आणि त्यांची पडताळणी करता यायला हवी. म्हणून ठेव मोडून रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत आणायची आणि मगच 28 दिवस मोजायचे. वडिलांचं खातं चालतं, पण मुलाचा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र जोडावं लागतं. काकांचं, मामांचं, आजोबांचं खातं चालत नाही.

नावाचा घोळ याच टप्प्यावर बाहेर येतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर ‘भास्कर’, बँकेत ‘भास्करराव’, आधारवर आणखी तिसरंच. बँकेच्या पासबुकात ‘भाऊ’ किंवा ‘बापू’ जोडलेलं, पासपोर्टवर नुसतं नाव. आईच्या बाबतीत तर माहेरचं नाव आणि ‘बाई’ हा आणखी एक गुंता. हे सगळं कागद जमवायला घेताच एकसारखं करून घ्यावं. प्रतिज्ञापत्र ऐनवेळी कामी येतं, पण मूळ दाखला दुरुस्त असेल तर प्रश्नच येत नाही.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र हा त्या मानाने सरळ रस्ता आहे. पत्र अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं हवं आणि पैसे प्रवासाच्या आधी उपलब्ध होतील हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. कर्जातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर, लागत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण जून-जुलैत रोख तुटवडा पडतो, त्याची तजवीज आधीच ठेवावी.

शिष्यवृत्तीत अमेरिकन मुलांची सोय जुनी आहे. र्‍होड्सच्या (ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठीची शिष्यवृत्ती) 32 जागा दरवर्षी अमेरिकेसाठी असतात. मार्शल शिष्यवृत्ती 1953 मध्ये, महायुद्धानंतर अमेरिकेने मार्शल योजनेतून केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून ब्रिटिश सरकारने सुरू केली, ती फक्त अमेरिकनांसाठी आहे. आपल्यासाठी चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ आहेत. शिवाय अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची योजना आहे. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथल्या प्रकल्प कार्यालयांत तिची माहिती मिळते. या योजनांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. त्यामुळे आधी एजंटने सुचवलेल्या विद्यापीठात प्रवेश घेऊन मग शिष्यवृत्ती शोधायला गेलं तर दार बंद मिळतं. आधी अट वाचायची, मग विद्यापीठ निवडायचं.

एजंटचा विषय निघालाच आहे तर दोन वाक्यं. ‘आमची सेवा फुकट’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे पैसे विद्यापीठ देतं, कमिशन म्हणून. त्यात गैर काही नाही, पण ज्या विद्यापीठाशी करार नाही त्याचं नाव तुमच्यासमोर येणार नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

विद्यापीठाची स्वतःची सेवा खऱ्या अर्थाने सुरू होते ती पोहोचल्यावर, आणि पहिल्या आठवड्यात ती छान असते. विमानतळावर न्यायला बस, हातात नकाशा, ठिकठिकाणी रंगीत टी-शर्ट घातलेले जुने विद्यार्थी, बँकेसाठी पत्र, डॉक्टरकडे नाव नोंदवायचा टेबल. या भागाला मनापासून चांगले गुण द्यावेत. पूर्वी व्हिसाचं कार्ड घ्यायला पोस्टात रांग लावावी लागायची, आता ई-व्हिसा आहे. त्याचं ऑनलाइन खातं घरूनच उघडून, पासपोर्ट नंबर जुळतो का हे बघून निघावं. नोंदणीची शेवटची तारीख मात्र कडक असते. विमान उशिरा मिळालं, गणपती-नवरात्र घरी करून जाऊ म्हटलं, असं चालत नाही. ती तारीख उलटली तर विद्यापीठ प्रवेशच नाकारू शकतं.

आरोग्यसेवेचे पैसे व्हिसासोबतच घेतलेले असतात, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 776 पाउंड. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा अभ्यासक्रमाच्या पुढेही काही महिने असतो, त्यामुळे दीड वर्षाचे 1,164 पाउंड धरले जातात. ते भरलेत, तर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी सेवेच्या डॉक्टरकडे, नोंदणी करावी. आजारी पडल्यावर करू म्हणणाऱ्याला फोनवर ताटकळावं लागतं. तातडीचं पण जिवावरचं नाही अशा दुखण्याला 111, जिवावरच्याला 999. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधामागे 9.90 पाउंड लागतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागत नाहीत. अमेरिकन मुलं इथे सुखावतात, कारण त्यांच्या घरी साध्या तपासणीचंही बिल विम्याशी झगडून भरावं लागतं. आपल्या मुलांना उलट वाटतं : जळगावात सकाळी दुखलं की दुपारी स्पेशालिस्ट भेटतो, तिथे आठवडे जातात. दातांची आणि चष्म्याची कामं इथूनच करून जावीत.

स्वागताच्या आठवड्याचा बेत अठरा वर्षांच्या मुलांसाठी आखलेला असतो. अमेरिकेत दारूसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात, ब्रिटनमध्ये 18. त्यामुळे अमेरिकन पदवीच्या मुलांना तो आठवडा मोकळं रान वाटतो, तर तेवीस-चोविशीत मास्टर्सला आलेल्यांना परका. दारू न पिणाऱ्यांसाठीचे कार्यक्रम बहुतेक विद्यार्थी संघटना ठेवतात, पण ते पत्रकात खाली कुठेतरी असतात. मंडळांच्या मेळ्यात शंभर टेबलं असतात आणि प्रत्येक जण ईमेल मागतो. एकदा येऊन बघण्याची सोय जवळपास सगळीकडे असते, ती वापरून मग दोन मंडळांची वर्गणी भरावी. बुधवारी दुपारी खेळांसाठी बऱ्याच ठिकाणी तास ठेवत नाहीत. ज्यांना क्रिकेट येतं त्यांनी हिवाळ्यातल्या इनडोअर नेट्सना जावं. वर्गात जी ओळख तीन महिन्यांत होत नाही, ती तिथे होते.

लोक स्वागत कसं करतात? अमेरिकन मुलांची ठरलेली तक्रार अशी की ब्रिटिश मुलं सभ्य आहेत, पण जवळ येत नाहीत. जिन्यात भेटलेला मुलगा हालहवाल विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. शिवाय अमेरिकन असल्याचं कळताच राष्ट्राध्यक्ष, बंदुका आणि दवाखान्याची बिलं यांचा जाब त्याच्याकडे मागितला जातो, जणू धोरण त्यानेच ठरवलं. वर्गात तो जास्त बोलला तर मागून नजरा फिरतात. हे सगळं सोसूनही त्याला पाहुणा म्हणून कुतूहल तरी मिळतं. आपल्या मुलाची अडचण वेगळी असते. मॅनेजमेंट किंवा डेटा सायन्सच्या मास्टर्सच्या अनेक वर्गांत निम्म्याहून जास्त मुलं भारतातली आणि चीनमधली असतात. तिथे ब्रिटिश माणूस म्हणजे फक्त शिक्षक आणि सुरक्षारक्षक. वर्गाची रचना काय असते, हे विद्यापीठाला आधी विचारता येतं. सरळ लिहून विचारावं, सांगतात.

एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. ‘मी मुंबईजवळचा’ असं सांगण्याची सवय सोडावी. जळगावहून अजिंठा 60 किलोमीटर आहे, आणि 1819 मध्ये वाघाच्या शिकारीला गेलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला ती लेणी दिसली, एवढं सांगितलं तरी समोरचा खुर्ची ओढून बसतो. आपल्या गावाबद्दल सांगण्यासारखं भरपूर आहे.

आता खोली आणि स्वयंपाकघर. या सेवेवरच्या तक्रारींचा मोठा वाटा इथूनच येतो.

अमेरिकन हॉस्टेलमध्ये एका खोलीत दोघं आणि जेवण मेसमध्ये, अशी पद्धत. ब्रिटिश हॉलमध्ये बहुतेक खोल्या एकट्याच्या आणि सहा-आठ जणांत एक स्वयंपाकघर. मेस नाही. अमेरिकन मुलं इथे पहिल्याच दिवशी दमतात, कारण भांडी, उशी, पांघरूण काहीच मिळत नाही आणि घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर 120 व्होल्टचा असतो, तो 230 व्होल्टला जळतो. आपला वीजदाब ब्रिटनसारखाच आहे, त्यामुळे फक्त तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर पुरतो. पण मिक्सर, राइस कुकर, इंडक्शन शेगडी बॅगेत भरण्याआधी हॉलचे नियम वाचावेत. खोलीत उष्णता निर्माण करणारी उपकरणं वापरायला बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि तपासणीत सापडली तर जप्त होतात.

धुराची सूचना देणारी यंत्रं हा खरा कळीचा मुद्दा. स्वयंपाकघरात बहुधा उष्णता ओळखणारं यंत्र असतं आणि बाहेरच्या बोळात धूर ओळखणारं. म्हणजे फोडणीने अलार्म वाजतो तो स्वयंपाकघरात नाही, दार उघडं राहिल्यामुळे बोळात वाजतो. ते जड दार आपोआप मिटावं असंच बसवलेलं असतं. येण्या-जाण्याला सोपं म्हणून त्याला खुर्ची लावली की संपलं. वाटणासाठी खोबरं आणि कांदा भाजताना, वाळल्या मिरच्या परतताना एक्झॉस्ट सुरू, खिडकी उघडी, दार बंद, ही तीन कामं आधी करायची. रात्री अकराला अलार्म वाजला तर अख्खी इमारत पायजम्यावर थंडीत उभी राहते आणि पुढचे दोन आठवडे त्या मुलाशी कोणी धड बोलत नाही. अमेरिकन मुलांच्या हातून हेच करपलेल्या टोस्टने आणि पॉपकॉर्नने होतं. यंत्रावर पिशवी बांधण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये. तो शिस्तभंग आहे, दंड होतो, आणि आग लागली तर जीव जातात.

म्हणून मसाला घरीच पूर्ण भाजून, दळून कोरडा न्यावा. शेवभाजीसाठी भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याची वाळवलेली पूड आणि काळा मसाला एकत्र करून ठेवला तर तिथे फक्त तेलात हलकं परतून पाणी घालायचं उरतं, धूर होत नाही. शेव प्रवासात टिकते. तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे, विमानतळावर फेकून द्यावे लागतात. पीठ, डाळी, पापड, मसाले चालतात. ज्वारी-बाजरीचं पीठ लेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत भारतीय दुकानांत मिळतं, कळण्याचं पीठ मात्र मिळत नाही, ते दोन-तीन किलो न्यावं.

हॉलची शेगडी विजेची असते, ज्योत नसते. भाकरी फुगवायला विस्तव नाही म्हणून ती तव्यावरच, कडेने ओल्या फडक्याने दाबत फुगवावी लागते. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा तवा आणि कुकर गरमच होत नाहीत, लोखंडी तवा चालतो. भरताचं तर विचारूच नका. तिथलं वांगं काळं-जांभळं, जाड सालीचं. काट्याने सगळीकडे टोचून, ओव्हनमध्ये 220 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ठेवलं तर गर मऊ निघतो. टोचलं नाही तर फुटतं आणि ओव्हन धुवायचा दिवस येतो. तुराट्यांवर भाजलेल्या बामणोदच्या वांग्याची चव येत नाही, पण शेंगदाणे, लसूण आणि भाजलेली हिरवी मिरची कुटून घातली की भागतं. एक पराती भरून केलं आणि फ्लॅटमधल्या सगळ्यांना वाढलं, तर स्वागत-आठवड्याच्या साऱ्या कार्यक्रमांपेक्षा जास्त उपयोग होतो.

खाजगी घर घ्यायचं असेल तर इंग्लंडमध्ये अनामत सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. घर न बघता, फोटोवरून पैसे पाठवू नयेत. यात फसणाऱ्यांत अमेरिकनही असतात.

शिकवण्याच्या बाबतीत ही सेवा उत्तम आहे, पण ती मागणाऱ्यालाच मिळते. अमेरिकन मुलांचा सगळ्यात मोठा धक्का इथेच असतो. त्यांच्याकडे दर आठवड्याला गृहपाठ, छोट्या चाचण्या, मिडटर्म आणि वर्गात बोलण्याचेसुद्धा गुण. पंधरा-वीस तुकड्यांत गुण जमत जातात, एक बुडाला तर दुसरा सावरतो. ब्रिटिश मास्टर्समध्ये 180 क्रेडिट असतात, एका क्रेडिटमागे दहा तास अभ्यास धरतात. 20 क्रेडिटच्या विषयाला 200 तास, त्यातले वर्गातले जेमतेम वीस-तीस. उरलेले स्वतः वाचायचे. आणि गुण ठरतात एका तीन हजार शब्दांच्या निबंधावर, फार तर जोडीला एक परीक्षा. आठवड्यात आठ-दहा तासांचं वेळापत्रक बघून अमेरिकन मुलाला वाटतं भरपूर मोकळा वेळ आहे. इंजिनिअरिंगला आठवड्याला तीस तास बाकावर बसलेल्या आपल्या मुलालाही तेच वाटतं. नोव्हेंबरच्या मध्यात दोघंही एकाच वेळी जागे होतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबियात होते आणि मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये परतावं लागलं, 1920 मध्ये पुन्हा जाऊन 1921 ला एमएस्सी आणि 1923 ला डीएस्सी केली. लंडनच्या त्या पदव्या त्यांनी ग्रंथालयात बसून लिहिलेल्या प्रबंधांवर मिळवल्या. बाबासाहेब जिथे मुक्कामाला होते त्या लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर दर 31 जुलैला जमणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना बाहेर शिकायचं आहे, त्यांनी त्यांच्या त्या वाचनाच्या तासांकडे बघावं. ब्रिटिश पद्धत आजही तेच मागते.

गुणांचं गणित आधी समजून घ्यावं. मास्टर्सला उत्तीर्ण 50, मेरिट 60, डिस्टिंक्शन 70. वरचे तीस गुण जवळपास कोणाला मिळत नाहीत. 72 म्हणजे अमेरिकेतला ए. घरी नव्वदीत असणाऱ्या अमेरिकन मुलाला पहिल्या निबंधाला 62 मिळाले की तो नापास झाल्यासारखा बसतो आणि शिक्षकाकडे गुण वाढवून मागायला जातो. तिथे त्याचा काही उपयोग नसतो. उत्तरपत्रिकेवर बहुधा नाव नसतं, नमुने दुसरा परीक्षक तपासतो, बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षक त्यावर नजर ठेवतो आणि ‘गुण कमी वाटले’ या कारणाने दाद मागता येत नाही. आपल्या मुलांनी परत आल्यावर नोकरीच्या अर्जासोबत गुणपत्रकाच्या मागची श्रेणी समजावणारी माहितीही जोडावी. नाहीतर 64 टक्के बघून इथला अधिकारी भलताच अर्थ लावतो.

पन्नाशीत अडकलेले निबंध बहुतेक एकाच कारणाने अडकतात : विषयाची माहिती भरपूर, मत कुठेच नाही. चार अभ्यासक काय म्हणाले ते लिहिलं, पण त्यांतलं कोणाचं का पटतं हे लिहिलं नाही. मार्गदर्शक पुस्तकातलं उत्तर पाठ करून आलेल्यांना हे जड जातं. अमेरिकन मुलांचं उलट होतं, मत ठासून असतं आणि आधार दोनच. यावर तोडगा म्हणजे गुण नसलेला सराव-निबंध. बरेच शिक्षक ऑक्टोबरअखेर तो लिहायला सांगतात. गुण नाहीत म्हणून अमेरिकन आणि भारतीय दोघंही तो टाळतात, आणि अख्ख्या फीमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट सोडून देतात. त्यावर शिक्षक समासात जे लिहितात, ते पुढच्या प्रत्येक निबंधाला लागू पडतं.

सेमिनारमध्ये आपली मुलं गप्प असतात, कारण शिक्षक बोलत असताना मध्ये बोलणं आपल्याकडे उद्धटपणा. तिथे शिक्षकाला पहिल्या नावाने हाक मारतात आणि प्रश्न विचारणं म्हणजे वाचून आल्याची पावती. वाचलेल्या लेखातला एक न पटलेला मुद्दा कागदावर लिहून न्यावा आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाकावा. नंतर संधी जाते.

संदर्भ न देता उतरवलेला परिच्छेद, मित्राशी मिळताजुळता निबंध, परवानगी नसताना एआयकडून लिहून घेतलेला मजकूर, यावर चौकशी बसते. विषयागणिक नियम वेगळा असू शकतो, तो त्या विषयाच्या (मॉड्यूलच्या) माहितीपुस्तिकेत असतो. फेरपरीक्षेचे गुण मास्टर्सला सहसा 50 वरच थांबतात.

घरी कोणी वारलं, आजारपण आलं, तर मुदतवाढ मिळते, पण मुदत संपण्याआधी अर्ज आणि पुरावा हवा. आपल्या मुलांचा स्वभाव असा की कोणाला सांगत नाहीत, उशिरा निबंध देतात आणि दिवसामागे गुण कापले जातात. इथे सेवा चांगली असून वाया जाते. पर्सनल ट्यूटर, समुपदेशक, लेखन-मार्गदर्शन केंद्र, सगळं फीमध्येच आहे. अमेरिकन मुलं समुपदेशकाकडे बिनदिक्कत जातात. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो आणि 45 अंशांत वाढलेल्या मुलाचं मन तेव्हा खरोखर खचतं. थंडीच्या महिन्यांत रोज 10 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्या असं तिथली सरकारी आरोग्यसेवाच सांगते. ते घ्यावं, आणि जड वाटलं तर भेटीची वेळही घ्यावी.

कामाचे नियम मोडले तर परिणाम फार गंभीर असतात. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, सोमवार ते रविवार मोजून, सरासरी काढून नाही. मास्टर्सच्या मुलांनी नीट लक्षात घ्यावं : जून ते सप्टेंबर प्रबंधाचा काळ सुट्टीत धरत नाहीत, तेव्हाही 20 तासच. अ‍ॅपवरून डिलिव्हरी हा स्वयंरोजगार धरला जातो आणि विद्यार्थी व्हिसावर तो पूर्ण बंद आहे, दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन करणं तर त्याहून वाईट. एप्रिल 2025 पासून 21 वर्षांवरील किमान वेतन ताशी 12.21 पाउंड होतं. त्या दराने आठवड्याला 244 पाउंड होतात. त्यातून खोलीचं भाडं आणि किराणा निघतो, फी निघत नाही. ‘पोरगं तिथे कमवून फी भरेल’ असं जो कोणी सांगतो, तो चुकीचं सांगतो. एका सत्रासाठी सहा महिन्यांच्या आत येणारे अमेरिकन पाहुणे विद्यार्थी तर काहीच काम करू शकत नाहीत. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून जे अर्ज करतील त्यांना पीएचडी वगळता 18 महिनेच मिळतील. 2026 च्या सप्टेंबरात जाणाऱ्यांनी हिशोब 18 महिन्यांचाच धरावा.

प्रवेशासाठीची अनामत भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला इंग्रजीत एक साधा ईमेल मुलाने स्वतः लिहावा, एजंटने नाही. वर्गात साधारण किती मुलं आणि कोणत्या देशांतली, आठवड्याला प्रत्यक्ष तास किती, प्रत्येक विषयाचे गुण कशावर, सराव-निबंध आहे का, प्रबंधाला मार्गदर्शकाच्या भेटी किती, हॉलमध्ये शेगडी कोणती. उत्तर किती दिवसांत आणि किती नेमकं येतं, यावरून पुढच्या वर्षभराची सेवा कळते. आठवडाभरात नाव-पदासह मुद्देसूद उत्तर आलं तर ते कार्यालय जागं आहे. नुसती वेबसाइटची लिंक आली तर फेब्रुवारीत अडचण आल्यावरही लिंकच येणार. त्याच ईमेलमध्ये शेवटचा प्रश्न घालावा की व्हिसा नाकारला तर अनामतीतून किती कापून, किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात परत करता. त्याचं लेखी उत्तर हाती आल्यावरच बँकेत फॉर्म भरायला जावं.